मागे राहिलेला सशाचा पाय

१

सकाळी नऊ वाजता पेटी टेबलावर नव्हती. एवढं मी खात्रीने सांगू शकतो. बाकी त्या दिवशी मला ज्या ज्या गोष्टींची खात्री वाटली, त्यातल्या निम्म्या चुकीच्या निघाल्या.

दुबई मरीनातला एकतिसाव्या मजल्यावरचा फ्लॅट. दिवाणखान्यात हेस्टर वेनराइट यांची बासष्ट वर्षं पसरलेली होती. राण्यांचे झगे, एका वेड्या म्हातारीची शाल, पोस्टरं, मानचिन्हं, सिनेमाच्या सेटवरचे फोटो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी या सगळ्याच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं, आणि तिथे चौऱ्याऐंशी वर्षांच्या हेस्टरबाई एक स्वगत म्हणणार होत्या. शेवटचं.

या सगळ्या पसाऱ्यात सर्वांत कुरूप वस्तू होती ती त्यांची मेकअपची पेटी. पत्र्याची, पोळ्यांच्या डब्याएवढी, आतून-बाहेरून रंगाची पुटं चढलेली. तिच्यात सशाचा एक वाळका पाय असायचा. पूर्वीचे इंग्रज नट त्या पायाने गालांना लाली लावत. पुढे तो शुभशकुन म्हणून जवळ बाळगण्याची आणि त्या पेटीशिवाय रंगमंचावर न जाण्याची पद्धत पडली. तिथल्या नटांची आणखी एक समजूत अशी की मेकअपची पेटी कधी साफ करू नये. साफ केली की कामं थांबतात. हे सगळं मी कार्ड नंबर चारवर लिहिलं होतं. इंग्रजीत.

मी म्हणजे आत्माराम, वय चौऱ्याहत्तर. पुण्यात ग्रंथपाल होतो, आता शारजाला अल नहदामध्ये मुलाकडे असतो. हेस्टरबाईंबद्दलची कात्रणं मी पन्नास वर्षं जमवली. का, ते मला कधी नीट सांगता आलं नाही. त्या तीन वर्षांपूर्वी उबेसाठी भाच्याकडे इकडे राहायला आल्या, भाचा वर्षभरात नोकरीसाठी सिंगापूरला गेला आणि बाई इथेच राहिल्या. प्रदर्शनाची कार्डं लिहायला कुणीतरी हवं होतं. मी घाबरत घाबरत विचारलं, आणि बाई हो म्हणाल्या.

त्या सकाळी मी पोहोचलो तेव्हा बाई टेबलासमोर उभ्या होत्या. टेबलावर धुळीत एक चौकोन कोरा राहिला होता. सशाचा पाय मात्र टेबलाच्या खणात होता, कागदी रुमालात नीट गुंडाळलेला.

"बासष्ट वर्षांत त्या पेटीला कुणी फडकं लावलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्या अर्थातच इंग्रजीत बोलत. "कुणी लावलं असेल, तर उद्या मी उभी राहणार नाही."

त्या रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा मी हजार फोटोंत पाहिला आहे, पण हा भाव कुठल्याच फोटोत नव्हता. वस्तू हरवलेलं माणूस इकडेतिकडे शोधतं. बाई एकसारख्या दाराकडे पाहत होत्या, जणू कुणीतरी यायचं होतं.

२

दाराबाहेरच्या कॅमेऱ्याने काम सोपं केलं, किंवा तसं वाटलं. आदल्या रात्री दहाला बाईंची मॅनेजर संजना बाहेर पडली, तेव्हा पेटी जागेवर होती. सकाळी आठला केरू सुतार आला. साडेआठला त्याचा मालक देवदत्त काच घेऊन आला. नऊला मी, माझ्या पाठोपाठ पुन्हा संजना. घरात राहणाऱ्या दोघीच. बाई आणि त्यांची शुश्रूषा करणारी गिरिजा.

आठ ते साडेआठ केरू त्या खोलीत एकटा होता. पेटीसाठी काचेची केस करायची, म्हणून माप घ्यायला आला होता. तो म्हणाला, मी आलो तेव्हाच टेबल रिकामं होतं. मला वाटलं मॅडमनी आत नेली असेल.

"अर्धा तास बसलास आणि कुणाला विचारलं नाहीस?" देवदत्त म्हणाला.

"मोठ्या माणसांच्या वस्तूंबद्दल आपण कशाला विचारायचं, शेठ?"

हे उत्तर देवदत्तला पटलं नाही. प्रदर्शनांचे मांडव आणि स्टॉल उभे करण्याचा त्याचा धंदा, हाताखाली चाळीस माणसं. एकाने हात मारला की चाळिसांचं नाव जातं, असं तो मला बाजूला घेऊन म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने निकाल दिला. उद्या सकाळी दहापर्यंत पेटी आली तर ठीक. नाहीतर केरूचा व्हिसा कॅन्सल. "खलास. पोलिसांकडे जात नाही, हेच उपकार समज."

बाईंनी संजनाला विचारलं, हा काय म्हणतोय. संजनाने इंग्रजीत सांगितलं. बाई ताडकन वळल्या आणि आत निघून गेल्या. आतून त्यांच्या येरझाऱ्यांचा आवाज येत राहिला, काठीचा टक्, मग पाऊल, पुन्हा टक्.

माझ्याकडे पाहत संजना म्हणाली, "काका, तुम्हाला या सगळ्या वस्तू पाठ आहेत. प्लीज, जरा बघा ना. मला दहा फोन करायचेत."

मी कसला बघणार? पुस्तकात रहस्य उलगडणारे लोक उंच असतात आणि त्यांना स्वतःबद्दल शंका नसते. पण नाही म्हणण्याची हिंमतही मला झाली नाही. टिपणं काढायला खिशात हात घातला तर पेन नव्हतं. सकाळीही सापडलं नव्हतं. सत्तरी उलटल्यावर वस्तू हरवल्या की दोष आपलाच, असं मी धरून चालतो. बाईंच्या टेबलावरची पेन्सिल उचलली.

३

संजनाला पेटीचा काय उपयोग? तिनेच सांगून टाकलं. पेटी हरवल्याची बातमी झाली तर गर्दी दुप्पट होईल, हे तिच्याही डोक्यात येऊन गेलं होतं. "पण बाई उभ्याच राहिल्या नाहीत तर त्या गर्दीला मी काय दाखवू? माझं तोंड?" सगळी कपाटं, पलंगाखालचे कप्पे, गिरिजाच्या खोलीतली गादीसुद्धा तिने उलटून पाहिली होती. तिथल्या देव्हाऱ्याला तेवढा हात लावला नव्हता. घट बसवलेत, शिवू नका, असं गिरिजा म्हणाली आणि संजना मागे सरली. एरवी ती देवाचं काही करत नाही. पण घटाला कोण हात लावतो?

देवदत्तने पेटी दोनदा विकत मागितली होती, हे मला ठाऊक होतं. त्याला जुन्या वस्तूंचा शौक. मी ते विचारायला धजत नव्हतो, तोच म्हणाला, "तुम्हाला माझा संशय येत असेल ना, काका? येऊ द्या. पण मी चोरली असती तर सशाचा पाय आधी उचलला असता. तीच तर मजा आहे त्या पेटीत. पायाशिवाय पेटी म्हणजे चिंचगुळाशिवाय आमटी."

हे वाक्य मी पेन्सिलने लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. खरं होतं ते. हौशी माणसाने पाय सोडला नसता. भामट्याने तो एवढा जपून गुंडाळला नसता. मग पेटी नेऊन पाय मागे ठेवणारं माणूस कोण?

केरू बाल्कनीत रंगाच्या उपड्या डब्यावर बसला होता. खाली मरीनाच्या पाण्यात बोटी होत्या; तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. लांज्याजवळच्या गावचा, अकरा वर्षं इकडे. बोलता बोलता त्याने फोनमधलं एक तिकीट दाखवलं. बायको आणि मुलगी पुढच्या शुक्रवारी येणार होत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मुलीने विचारलं होतं, तू बनवलेलं काहीतरी दाखवशील ना. तो म्हणाला होता, काचेची पेटी दाखवीन.

"व्हिसाच गेला तर त्या कुणाकडे येणार, काका?"

मी सशाच्या पायाबद्दल विचारलं. तो पहिल्यांदा हसला. "आम्ही कोकणातली माणसं. बोकडाच्या पायांचा रस्सा करून ओरपतो. वाळक्या पायाला घाबरून कागदात कशाला गुंडाळू?"

त्याचं ड्रिल मशीन शेजारी पडलं होतं. त्याच्या पिवळ्या अंगावर लाल ठिपका होता. रंगाचा असेल, असं मला वाटलं. दिवाणखाना रंगांनी भरलेला होता.

४

गिरिजा सांगलीकडची, चाळिशीची, कमी बोलणारी. बाईंना इंग्रजीशिवाय काही येत नाही आणि गिरिजाला इंग्रजी बोलता-वाचता येत नाही. तरी सहा महिने दोघींचं उत्तम चाललं होतं. बाईंच्या जुन्या चित्रपटातला एखादा प्रवेश लागला की गिरिजा हातातलं काम टाकून उभी राहून बघे. बसून नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "एवढी मोठी कलावंतीण, तिच्यापुढं बसायचं व्हय?"

त्या दिवशी ती ओटा पुसत होती. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होती. तिने सांगितलं ते एवढंच. सहाला उठले, चहा टाकला, मॅडमची अंघोळ आठला, काही बघितलं नाही. केरूचं नाव निघालं तेव्हा तिच्या हातातलं फडकं थांबलं.

"त्याला खरंच घालवतील?"

"उद्या दहाला."

ती पुन्हा पुसायला लागली.

मला एक कार्ड कापून लहान करायचं होतं, म्हणून मी कात्री मागितली. "आज कात्री नाही मिळायची, काका," ती म्हणाली. "उद्या देते." संशयाने भरलेल्या घरात बिचारी वैतागली असेल, असं समजून मी कार्ड हाताने फाडलं. वेडंवाकडं फाटलं.

कार्ड नंबर एकचं ते मसुद्याचं कार्ड होतं. हेस्टरबाईंची पहिली मोठी भूमिका. लिव्हरपूलचं एक नाट्यगृह, प्रमुख नटी आयरिस बेलामी. नाटकाच्या दुसऱ्याच रात्री आयरिसबाई रंगमंचावर गेल्या नाहीत. बदली नटी म्हणून बसवलेली बावीस वर्षांची हेस्टर उभी राहिली आणि सकाळी तिचं नाव झालं. वर्तमानपत्रांनी कारण दिलं होतं, प्रकृती अस्वस्थ. त्याच आठवड्याच्या एका कात्रणात दोन ओळी होत्या, त्याही मी मसुद्यात घातल्या होत्या. त्या नाट्यगृहातल्या टॉमस ग्रीव्ह या सुताराला चोरीच्या आरोपावरून काढलं. काय चोरीला गेलं ते छापलेलं नव्हतं. बाईंनी त्या ओळी लाल पेन्सिलीने खोडल्या होत्या आणि बाजूला लिहिलं होतं, "कंटाळवाणं."

तेव्हा मी शरमलो होतो. आता फाटलेल्या कार्डाकडे बघताना काहीतरी टोचत होतं. काय ते समजत नव्हतं. संध्याकाळी पाचला मी हात हलवत निघालो. केरूने लिफ्टपर्यंत सोडलं आणि म्हणाला, "तुम्ही प्रयत्न केलात, काका." त्या वाक्याने मला मेट्रोत बसवेना. जागा असून अल नहदाच्या बसपर्यंत उभाच राहिलो.

५

घरी शिरलो तर नात रुसून बसली होती. "आजोबा, शी टूक माय टॅब. धिस इज सो अनफेअर."

सून, अंतरा, स्वयंपाकघरातून म्हणाली, "एक दिवस नाही मिळाला तर काही बिघडत नाही. बाबा, तुमचं पेनही तिथेच आहे. शोधत बसाल म्हणून सांगते."

देवापुढे पाट मांडला होता. पाटावर माझ्या मुलाचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, नातीचा टॅब, अंतराची सुरी आणि कात्री, आणि सगळ्यांच्या मधोमध माझं पेन. प्रत्येकावर हळदकुंकू, अक्षता, झेंडूची पाकळी. पेन पुसून लख्ख केलेलं. टोपणावरचे शाईचे जुने डागसुद्धा गेलेले.

"आज खंडेनवमी," अंतरा म्हणाली. "तुम्हाला तारखेचं भानच नसतं."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर दिलं असतंत का? तुमचं हत्यार ते. त्याची पूजा नको?"

मी पाटापुढे खाली बसलो. गुडघे दुखतात म्हणून एरवी बसत नाही. ज्याचं पोट ज्या वस्तूवर, ती वस्तू या दिवशी पुसायची, पुजायची आणि उद्यापर्यंत हलवायची नाही. घरातलं माणूस ती न विचारता उचलतं, कारण त्याच्या लेखी ते उचलणं नसतंच.

आज कात्री नाही मिळायची, काका. उद्या देते.

ड्रिलवरचा ठिपका रंगाचा नव्हता. मी केरूला फोन केला. हो, म्हणाला, शेठने सुट्टी दिली नाही म्हणून गिरिजाताईंनीच सकाळी मशीनला कुंकू लावलं, का?

आणि सशाचा पाय. हौशी माणूस तो सोडणार नाही, केरू त्याला घाबरणार नाही. पण मेलेल्या जनावराचा पाय देवापुढे कसा ठेवणार? ज्याला पेटी देव्हाऱ्यात न्यायची होती, त्यानेच पाय बाजूला काढला, आणि तो मॅडमच्या जिव्हाळ्याचा म्हणून जपून गुंडाळून ठेवला.

चहा तसाच ठेवून मी उठलो. अंतराने विचारलं, कुठे. खरं सांगायचं तर जाताना टॅक्सीत मला दहा वेळा वाटलं की मी चुकतो आहे, आणि एका गरीब बाईवर भलताच आळ घ्यायला निघालो आहे.

६

साडेसात वाजले होते. गिरिजाने दार उघडलं आणि माझ्याकडे पाहताच बाजूला झाली. मी फार काही बोललो नाही. "माझ्या सुनेने आज माझं पेन पुजलं," एवढंच म्हणालो.

ती मला तिच्या खोलीत घेऊन गेली. घटाच्या पुढ्यात, लाल कापडाखाली, तिची कात्री होती, रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, आणि पेटी होती. मी ती ओळखलीच नाही. पत्रा आरशासारखा चमकत होता.

"सहा वाजता चिंच लावून घासली," ती म्हणाली. "आमच्या गावात तमाशाचा फड असायचा. खंडेनवमीला ढोलकी, चाळ, रंगाची पेटी, सगळं मांडायचे. मॅडमचं कुणी नाही इथं. म्हटलं, त्यांच्या हत्याराला आपण हळदकुंकू लावू. उद्या उचलून गुपचूप ठेवणार होते. आणि नऊ वाजता मॅडम असं बोलल्या. संजनाताईंनी मला मराठीत सांगितलं. तोवर मी बासष्ट वर्षं धुऊन बसले होते."

"मग केरूचं नाव आलं तेव्हा?"

"उद्या दहाच्या आत मी बोलणारच होते." ती थांबली. "बोलले असते की नाही, देव जाणे. माझ्याकडून आणखी एक झालंय."

तिने झाकण उघडून आतली बाजू माझ्याकडे केली. पत्र्यावर ओरखडे होते. घासताना आपल्याच हातून पडले, असं तिला वाटलं होतं. मी चष्मा पुसला. ओरखडे नव्हते, खिळ्याने कोरलेली इंग्रजी अक्षरं होती. त्यांच्यावर कुणीतरी मुद्दाम जाड रंग थापलेला असणार. कोपऱ्यात त्याचा एक कपचा अजून चिकटून होता.

आयरिस बेलामी.

मला अंकाच्या क्रमांकासह ते कात्रण डोळ्यांपुढे दिसलं. त्या नटांची समजूत, पेटीशिवाय रंगमंचावर जायचं नाही. दुसरी रात्र. आयरिसबाई गेल्या नाहीत. हेस्टर गेली. सुताराला काढलं.

पन्नास वर्षं मी कात्रणं चिकटवत होतो. शेजारी शेजारी चिकटवली होती.

७

पेटी घेऊन बाईंच्या खोलीत जाताना मला सारखं वाटत होतं की झाकण बंदच ठेवावं. पेटी मिळाली, केरू सुटला, पुरे. एका म्हाताऱ्या बाईला उघडं पाडणारा मी कोण? पण गिरिजा माझ्या मागे उभी होती, आणि तिला वाटत होतं की ती अक्षरं तिचा गुन्हा आहेत.

हेस्टरबाईंनी चमकणारा पत्रा पाहिला, कुंकू पाहिलं, मग स्वतःच झाकण उघडलं. बराच वेळ त्या नावावरून बोट फिरवत राहिल्या.

"हिला सांगा, हे तिने केलेलं नाही," त्या म्हणाल्या. मी गिरिजाला सांगितलं. ती तशीच उभी राहिली.

मग बाईंनी मला विचारलं, मला किती कळलं आहे. मी सांगितलं, अडखळत. त्यांनी मध्ये तोडलं नाही.

"मी ती फक्त एका रात्रीपुरती कोळशाच्या खोलीत लपवली होती," त्या म्हणाल्या. "सकाळी परत ठेवणार होते. सकाळी माझं नाव सगळ्या पेपरांत होतं, आणि त्या सुतारावर आळ आलेला होता. त्याला दोन मुलं होती. मी बोलले असते तर माझी ती एकच रात्र झाली असती. पेटी साफ करायची नाही, हा नियम मला फार सोयीचा पडला, मिस्टर आत्माराम."

"तुम्ही त्या ओळी खोडल्यात."

"हो. तुम्ही पुन्हा लिहा." त्यांनी काठी उचलली. "आज सकाळी पेटी गेली तेव्हा मला वाटलं, शेवटी तो न्यायला आला."

त्यांनी फोन मागितला आणि देवदत्तला स्वतः लावला. त्यांचा रंगमंचावरचा आवाज मी तोवर फक्त ध्वनिफितींवर ऐकला होता. तो त्या खोलीत ऐकला. पेटी घरातच होती, सुताराने काही केलेलं नाही, आणि त्याच्या नोकरीला धक्का लागला तर प्रदर्शन होणार नाही. मग संजनाला सांगितलं की उद्या स्वगत नाही. त्याऐवजी लिव्हरपूलच्या एका रात्रीची गोष्ट सांगेन. संजना पलीकडून काय म्हणाली कोण जाणे. बाईंनी फोन ठेवला होता.

८

दसऱ्याच्या सकाळी अंतराने पाट उचलला आणि पेन माझ्या हातात दिलं. टोपणावर कुंकू होतं. मी पुसलं नाही.

दुपारी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये केरू काचेची केस बसवत होता. देवदत्तने त्याच्यासाठी आपट्याची पानं आणली होती, अल ऐन शहरातल्या कुठल्या बागेतून मागवलेली. त्याने ती घेतली आणि खिशात ठेवली. पेटी हळदकुंकवासकट आत गेली, झाकण उघडं. सशाचा पायही ठेवा, असं बाईंनी सांगितलं. गिरिजाने तो दोन बोटांनी धरला आणि पेटीपासून वीतभर लांब ठेवला.

मी नवं कार्ड दिलं. वर इंग्रजी, खाली मराठी, कारण पहिल्या खेपेला मी फक्त इंग्रजीत लिहिलं, आणि पेटी साफ न करण्याचा नियम गिरिजाला वाचता आला नाही. केरूने ते सावकाश वाचलं, ओठ हलवत.

"ही पेटी आयरिस बेलामी यांची. ती हेस्टर वेनराइट यांनी लपवली. चोरीचा आळ टॉमस ग्रीव्ह यांच्यावर आला."

"हा ग्रीव्ह कोण, काका?"

"सुतार. त्या नाट्यगृहातला."

"मग त्याला काम परत मिळालं?"

"नाही."

केरूने कार्ड काचेला आतून लावलं, पट्टी धरून सरळ आहे का पाहिलं, जरा वर सरकवलं. मग शर्टाच्या बाहीने त्या नावावरची काच पुसली, आणि फोन काढून फोटो घेतला. शुक्रवारी दाखवायला.